पोंचो घ्या, पण काम बघून घ्या

जून लागला की नाशिकच्या गंगापूर रोडच्या कडेला बांबू आणि ताडपत्रीची तात्पुरती दुकानं उभी राहतात. रेनकोट, रेनसूट, छत्र्या, मोबाइलची पाकिटं आणि हल्ली ढिगाने पोंचो. गिऱ्हाईक कापड चिमटीत धरून जाडी बघतं, रंग निवडतं, घासाघीस करतं आणि घेऊन जातं. पोंचो उलटा करून आतली शिलाई बघणारा माणूस मला तरी क्वचितच दिसला. आणि हा पोंचो घालून आपण नेमकं काय करणार आहोत, हे तर कुणीच स्वतःला विचारत नाही.

आमच्या कॉलनीतली दहा-बारा मंडळी पावसाळ्यात भटकायला निघतात. एकदा गिरणारे सोडून वाघेरा घाटाकडे मोटारसायकलींवर चाललो होतो. माझ्या पुढच्या गाडीवर शेजाऱ्यांचा मुलगा, अंगात नवाकोरा पोंचो. वाऱ्याने मागचा घेर फुगला, फडफडला आणि काठ मागच्या चाकात गेला. रस्त्यात खड्डे होते म्हणून वेग कमी, तेवढं नशीब. पोंचोला शर्टासारखा पुढून मोकळा करायचा मार्ग नसतो. तो गळ्यातच असतो. त्यामुळे पोरगा मानेने मागे ओढला गेला आणि गाडीसकट आडवा झाला. कापड चाकात इतकं गुंडाळलं गेलं होतं, की चाकूने कापून त्याला सोडवावं लागलं. खरचटण्यावर निभावलं. गाड्यांना साडी गार्ड लावायला लागतो तो याच कारणासाठी; १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम तेच सांगतो. पण त्या नियमातही मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकायचा, एवढीच अट आहे. उरलेल्या अर्ध्यात पोंचोचा घेर आरामात शिरतो. दुचाकीवर रेनसूटच हवा. याला अपवाद नाही. ‘जवळच जायचंय’ हाही नाही.

पोंचो नको अशी दुसरी जागा हरिहर किल्ल्याची. तिथल्या कातळात खोदलेल्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत. हात घालायला खोबण्या आहेत, पण पाय कुठे ठेवतोय ते दिसायला हवं. पोंचोचा पुढचा पदर नेमका तेच झाकतो आणि दरीतून वर येणारा वारा तो तोंडावर उडवतो. अशा चढाआधी पोंचो काढून सॅकमध्ये घालावा, थोडं भिजावं. खाली उतरल्यावर कोरडे कपडे आहेतच. पाऊस आणि गर्दी दोन्ही असेल तर त्या पायऱ्यांना हातच लावू नये, हे माझं आपलं मत.

मग पोंचो घ्यायचाच कशाला? चालण्यासाठी, थांबण्यासाठी आणि अडचणीसाठी. त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडे भात-नागलीची लावणी करणारी माणसं इरलं घ्यायची. आता इरल्याची जागा बहुतेक ठिकाणी प्लास्टिकच्या कागदाने घेतली आहे. इरल्यात वाकलेली पाठ झाकलेली, पुढून मोकळं, दोन्ही हात चिखलात काम करायला सुटे. ज्याने इरलं घडवलं त्याने आधी काम बघितलं. पोंचोचा गुण त्याच जातीचा आहे. तो पाठीवरच्या सॅकसकट अंगावर येतो. रेनकोटवर सॅक अडकवली की पट्ट्यांच्या दाबाने खांद्यांतून पाणी झिरपतं; पोंचोत पट्टे आतच राहतात. खालून हवा खेळते, म्हणून घामाने चिंब व्हायला होत नाही.

अडचणीत पोंचो कसा कामी येतो, हे अंजनेरीच्या पठारावर नीट कळलं. झड लागलेली, वारा बोचरा. आमच्याबरोबर एक कॉलेजचा मुलगा होता, जीन्स आणि सुती टी-शर्टमध्ये. त्याचा पातळ पॉलिथिनचा पोंचो गळ्यापाशी टरकला आणि अर्ध्या तासात पोरगा कुडकुडायला लागला. बोटांनी चेन ओढता येईना, बोलणं अडखळायला लागलं. थंडीने अंगातली ऊब जाते ती हिमालयातच असं नाही. ओले सुती कपडे आणि वारा असला की आपल्या सह्याद्रीतही जाते. कुडकुडणं थांबलं आणि माणूस गुंगीत गेला तर ती बरं वाटण्याची खूण समजू नका, ती धोक्याची खूण आहे. आम्ही एका जाड पोंचोची टोपी दोरीने आवळून भोक बंद केलं, कोपऱ्यांच्या कड्यांतून दोऱ्या ओवल्या आणि वाऱ्याकडची बाजू जमिनीलगत ताणून आडोसा केला. ओले कपडे उतरवले, कोरडं अंगात घातलं, खाली सॅक घालून बसवलं, गरम गोड चहा पाजला. कुणीतरी ब्रँडीचं नाव काढलं, त्याला गप्प केलं. दारूने ऊब वाटते, पण अंगातली उष्णता आणखी जाते. आणि अशा आडोशाच्या आत स्टोव्ह पेटवायचा नाही. कापड भसकन पेटतं, धूरही जिवावर उठतो.

म्हणून विकत घेताना पोंचो आतून उलटा करा. शिलाईवर टेप चिकटवलेली हवी, विशेषतः टोपी आणि खांद्यांपाशी. लेबलवर वॉटर कॉलमचा आकडा असेल तर बघा: पाण्याचा किती मिलिमीटर उंच स्तंभ ते कापड गळू न देता पेलतं, त्याचं ते माप. १५०० च्या खाली जाऊ नका. ओल्या जमिनीवर अंथरायचा असेल तर ३००० च्या पुढचा घ्या. टोपीला पुढे छज्जा आणि दोरी हवी, नाहीतर मान वळवली की टोपी डोळ्यांवर येते. दोन्ही बाजूंना टिचबटणं हवीत, कोपऱ्यांना धातूच्या कड्या. रंग केशरी किंवा पिवळा. हिरवा फोटोत छान दिसतो, पण धुक्यात हरवलेला माणूस शोधताना उपयोगाचा नाही. दुकानात भरलेली सॅक पाठीवर घेऊनच घालून बघा. मागचा काठ गुडघ्याखाली आला पाहिजे. पीव्हीसीचा जड असतो आणि घड्यांवर चिरतो. कोटिंग केलेला नायलॉन किंवा पॉलिस्टर महाग पडतो, पण टिकतो.

नदीकाठच्या घरांनी तर माणशी एक ठेवावाच. २००८, २०१६, २०१९ या वर्षांत गोदेला आलेले पूर आणि पाण्यात गेलेली दुतोंड्या मारुतीची मूर्ती नाशिककर विसरलेले नाहीत. मूल कडेवर घेऊन, कागदपत्रांची पिशवी खांद्याला लावून घर सोडायचं तर बाह्या नसलेलं हे पांघरूणच सोयीचं. प्लास्टरमधला हातही त्यात मावतो. मात्र वाहत्या पाण्यात पाय टाकायची वेळ आलीच, तर पोंचो आधी काढून फेका. पाणी त्याचा घेर ओढतं आणि माणसाला बरोबर नेतं.

गेल्या वर्षीचा माळ्यावर पडलेला असेल तर मे संपायच्या आत काढा. आतलं कोटिंग चिकट झालं असेल, आंबट वास येत असेल, तर तो गेला म्हणून समजा. तसं नसेल तर बाथरूममध्ये कोरडा सदरा घालून, वर पोंचो घेऊन दहा मिनिटं शॉवरखाली उभे राहा. खांदे ओले झाले तर नवीन घ्या.