शिफ्ट सांभाळून लेखन-निवास

प्रश्न : चाकणच्या कंपनीत फिरत्या शिफ्टला आहे. कथा लिहितो. साहित्य संमेलनाला जाऊ की लेखन-निवासाला?

उत्तर : दोन्हींचं काम वेगळं. जानेवारी २०१६ मध्ये पिंपरीत ८९ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. अशा ठिकाणी ओळखी होतात, पुस्तकं मिळतात. लिहून मात्र होत नाही. कथा अर्ध्यावर अडली असेल तर सलग एकांतच हवा; तो लेखन-निवासात मिळतो. बंगळुरूच्या ‘संगम हाउस’ने भारतीय भाषांतल्या लेखकांनाही असा निवास दिला आहे. मुक्काम काही आठवड्यांचा, त्यामुळे हक्काची रजा आतापासूनच साठवा. अर्जासाठी लेखनाचा नमुना लागतो. नाईट उतरल्यावर झोपण्याआधी पानभर लिहा. नारायण सुर्व्यांनीही राबता राबताच कविता लिहिली. तुमच्या या पानांतली सर्वांत पक्की पानं अर्जाला जोडा.