मळ्याचा 'मला' झाला

मास्तरकीतून निवृत्त झालो आणि वारासिवनीकडच्या आमच्या भाताच्या बांध्या, रोवणी, चिन्नोर तांदळाचा वास, सगळं लिहून काढलं. १६० पानं, म्हणजे सोळा पानी दहा फर्मे. एका मराठी प्रकाशकानं कळवलं, 'रोवणी'ची 'लावणी' करा, 'बोडी'चं 'तळं' करा, 'पऱ्हे' (भाताची रोपं) तर कोणालाच समजणार नाही. मी म्हटलं, मग आपणच छापू. या हट्टाचा पश्चात्ताप मला आजही नाही. लांजीकडच्या एका बाईनं पाच प्रती नेल्या, शहरात वाढलेल्या नातवंडांना पऱ्हे म्हणजे काय ते कळावं म्हणून. शहरी संपादकाच्या हातून ते पुस्तक तिच्यापर्यंत आलंच नसतं.

पश्चात्ताप आहे तो बाकीच्याचा.

आमच्या बालाघाट जिल्ह्यात मराठी बोलणारी घरं पुष्कळ, पण मराठी जुळवणारा शोधावा लागतो. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो आणि शाळा, कचेरी, छापखाना सगळं हिंदीत चालू लागलं. डीटीपीवाला पोरगा गुणी होता, फक्त त्याच्या बोटांना 'ळ'ची सवय नव्हती. 'वेळ'ची 'वेल' झाली, 'काळ'चा 'काल' झाला. प्रुफं मी दोनदा वाचली. पण स्वतःचं लिहिलेलं आपण वाचत नाही, आठवत जातो. मुखपृष्ठावर पैसे ओतले, मुद्रितशोधकाचे वाचवले. ५०० प्रती आल्या. प्रकाशनाच्या दिवशीच मामेभावानं पहिलं पान उघडलं, ''काय गा दादा, 'आजीचा मला नदीला लागून होता', हा मला कोण?''

स्वतः पुस्तक काढणं काही कमीपणाचं नाही. अरुण कोलटकरांची इंग्रजी 'जेजुरी' १९७६ला क्लिअरिंग हाउसनं काढली, ती चार कवींनी मिळून चालवलेली संस्था, कोलटकर त्यातलेच एक. पण तिथे डोळ्यांच्या चार जोड्या होत्या. माझ्याकडे एकच, तीही चाळिशीची.

छपाईसाठी एका कंपनीचं 'पॅकेज' घेतलं होतं. त्यात आयएसबीएनचेही पैसे लावले होते. हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी फुकट देते, लेखकालाही, अर्ज ऑनलाइन करता येतो. मी हे नंतर शिकलो. क्रमांक कंपनीच्या नावावर, म्हणून कागदोपत्री प्रकाशक तीच. दुसरी आवृत्ती स्वतः काढायची तर नवा क्रमांक घ्यावा लागेल. कॉपीराइटचा मात्र त्या क्रमांकाशी काही संबंध नाही. तो लिहिलं तेव्हाच आपला होतो आणि मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांकडे राहतो, करारात आपणच देऊन टाकला नाही तर. करार नीट वाचा, चष्मा लावून. आणि १९५४च्या कायद्यानं प्रकाशकानं कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना स्वखर्चानं प्रत पाठवायची असते. स्वतः प्रकाशक झालात की हेही आपल्याच गळ्यात.

विक्रीचं काय सांगू! किंमत २०० रुपये ठेवली. वितरकानं पन्नास टक्के सवलत मागितली, पैसे विकल्यावर. छपाई पडली होती प्रतीमागे ८५, म्हणजे १५ रुपयांत नागपूरपर्यंत गठ्ठे पोचवायचे. नाही म्हटलं. शंभरेक प्रती नात्यागोत्यात वाटल्या. फुकट घेतलेलं पुस्तक फारसं कोणी उघडत नाही, हेही कळलं. पावसाळ्यात दिवाणाखालच्या एका गठ्ठ्याला वाळवी लागली.

उरलेल्या दोनशेवर प्रतींत आता शुद्धिपत्र चिकटवतो आहे. तुम्ही छापायला देणार असाल तर आधी नमुन्याच्या दोन-चार प्रती काढून घ्या, आणि त्यातली एक अशा माणसाला द्या ज्यानं तुमचं हस्तलिखित पाहिलेलं नाही.