हलते ते जिवंत असते का?



दोन वर्षांपूर्वी एका माध्यमिक शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. पण परीक्षकाला विषयांचा भेदभाव करून चालत नाही, त्यामुळे ज्वालामुखीच्या प्रतिकृतीपासून गांडूळखतापर्यंत सगळ्या टेबलांवरून फिरलो. एका टेबलावर सूक्ष्मदर्शक होता. नववीतील एक मुलगी दह्याच्या निवळीत थोडे पाणी मिसळून, तिचा थेंब काचपट्टीवर घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवत होती. मागच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘दह्यातील जीवाणू जिवंत असतात. पहा, ते हालचाल करीत आहेत!’

मी डोळा लावला. उजळ वर्तुळात असंख्य बारीक ठिपके होते. काही गोल, काही आखूड काडीसारखे, आणि सगळे थरथरत होते. एखादा इकडे सरके, लगेच मागे येई, मध्येच गिरकी घेई. फलकावरचे वाक्य पटावे असेच ते दृश्य होते.

“हे जिवंत आहेत, असे तू कशावरून म्हणतेस?” मी विचारले.

“सर, हलतात ना!”

“निर्जीव वस्तू हलत नाहीत?”

तिने क्षणभर विचार केला. “हलतात. पण त्यांना कुणीतरी हलवावे लागते. इथे कोण हलवणार?”

तिच्या या प्रश्नावर मी खूश झालो. मी म्हणालो, “हीच निवळी उकळत्या पाण्यात धरून गरम कर आणि पुन्हा बघ.” प्रयोगशाळा शेजारीच होती. तिने परीक्षानळीत निवळी घेतली, ती उकळत्या पाण्याच्या चंचुपात्रात दहा मिनिटे उभी केली, गार होऊ दिली आणि नवी काचपट्टी तयार केली. बराच वेळ ती भिंगातून डोळा काढेना. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, “सर, अजून हलताहेत.”

शेजारी उभ्या असलेल्या बाई लगेच म्हणाल्या, “नीट उकळले नसेल गं.”

बाईंना मी हसलो नाही, कारण नेमके असेच उत्तर मीही एकदा एका विद्यार्थ्याला दिले होते. कितीतरी वर्षे मी वर्गात सांगत आलो होतो, की रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाला १८२७ साली पाण्यात परागकण नाचताना दिसले आणि त्यावरून ‘ब्राऊनीय गती’ हे नाव पडले. एका मुलाने जास्वंदीचे पराग पाण्यात घेऊन पाहिले. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, “सर, काटेरी चेंडूंसारखे सुंदर दिसतात, पण जागचे हलत नाहीत.” मी त्याला सांगितले, “तुझा सूक्ष्मदर्शक बरा नसेल.” तो गप्प बसला. प्रात्यक्षिकाचे गुण माझ्या हातात होते, हेही त्याच्या गप्प बसण्याचे एक कारण असणार.

पुढे ब्राऊनचा मूळ लेख वाचनात आला तेव्हा कळले, की मुलाचेच बरोबर होते. ब्राऊनने परागकण नाचतात असे लिहिलेलेच नाही. क्लार्किया पुल्चेल्ला नावाच्या अमेरिकन रानफुलाचे पराग तो तपासत होता. त्याचा एक परागकण सुमारे एक दशांश मिलिमीटरचा, म्हणजे या बाबतीत चांगलाच धिप्पाड. नाचत होते ते परागकणाच्या आतले अतिसूक्ष्म कण. त्यांची लांबी इंचाचा चार ते पाच हजारावा भाग, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. परागकणच हलतात ही चूक आजही अनेक पुस्तकांत सापडते. माझ्या विद्यार्थ्याने डोळ्यांनी पाहिले होते आणि मी फक्त वाचले होते. तरी त्या दिवशी खरा ठरलो मी!

ब्राऊनची गोष्ट मुळातून सांगण्यासारखी आहे. तो पदार्थविज्ञानाच्या शोधात नव्हताच. परागामुळे फुलात बीजधारणा कशी होते, हा त्याचा प्रश्न होता. एकच बारीक भिंग असलेल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याला हे कण हलताना दिसले. आधी त्याने सोपी कारणे तपासली. पाण्यात प्रवाह असेल काय? पाण्याची वाफ होते, त्याची ही ओढ असेल काय? पुन:पुन्हा पाहून त्याने ठरवले, की गती प्रवाहाची नव्हे, त्या कणांची स्वत:चीच आहे. मग दुसऱ्या वनस्पतींचे पराग घेतले, त्यांतही तेच. साहजिकच त्याला वाटले, की फुलाच्या नरभागाची खूणच आपल्या हाती लागली. मॉस आणि एक्विसिटम यांसारख्या वनस्पतींना फुले नसतात. त्यांच्यातला नरभाग कोणता, हेही आता या खुणेवरून ओळखता येईल!

कल्पना मोठी मोहक होती. आपण असतो तर इथेच थांबून निबंध लिहून टाकला असता. ब्राऊनने मात्र त्याच वनस्पतींचे दुसरे भाग चिरडून पाहिले. पानातूनही तसेच नाचरे कण निघाले. नरभागाची खूण निकालात निघाली आणि त्याने ती सरळ सोडून दिली.

मग ही खूण निदान जिवंतपणाची तरी असेल? त्याने वाळवून ठेवलेले नमुने काढले. त्यांतले काही वीस वर्षांहून जुने होते, तर काही कमीत कमी शंभर वर्षांचे. त्यांच्या परागांतले कणही हलत होते. तरी शंका उरते, की वनस्पती मेली असली तरी मूळ द्रव्य सजीवाचेच आहे. म्हणून त्याने झाडांचे डिंक आणि दगडी कोळसा घेतला. दगड बनलेले प्राचीन लाकूड घेतले. शेवटी कधीच जिवंत नसलेल्या वस्तूंकडे तो वळला. खिडकीच्या काचेचा तुकडा, नाना प्रकारचे खडक, धातू यांची त्याने पूड करून पाहिली. इजिप्तच्या स्फिंक्सचा एक तुकडाही त्यातून सुटला नाही! पूड पुरेशी बारीक असली की पाण्यात ती नाचतच होती.

पुढे त्याने आणखी एक युक्ती केली. पाण्याचे बारीक थेंब बदामाच्या तेलात कोंडले. तेलामुळे वाफ होण्याची वाट बंद. काही थेंब इतके लहान, की त्यांत एकच कण होता. म्हणजे शेजारच्या कणाने ढकलण्याचाही प्रश्न नाही. तरीही तो एकटा कण हलतच राहिला.

आता प्रदर्शनातल्या टेबलाकडे परत येऊ. उकळल्यावरही कण हलले, यावरून काय सिद्ध झाले? फार घाई करू नका. उकळूनही जीवाणू मेले नसतील, ही बाईंची शंका तर्काला धरूनच होती. ‘म्हणून विषय संपला’ असे समजणे तेवढे चूक होते. दुसरी शक्यता अशी, की हे ठिपके जीवाणू नसून दह्यातले स्निग्धाचे थेंब असतील. आणि तिसरी, की या थरथरण्याचा जिवंतपणाशी संबंधच नसेल. तिन्ही शक्यता शिल्लक असताना कुठली निवडावी, हे मतदानाने ठरत नाही. कधीच जिवंत नसलेली वस्तू तशीच हलते का, ते पाहावे लागते.

शाळेच्या कपाटात चित्रकलेची काळी शाई होती. तिच्यात काजळीचे बारीक कण असतात. (फाउंटन पेनची शाई इथे उपयोगाची नाही; तिच्यातला रंग पाण्यात विरघळलेला असतो.) मुलीने काडीच्या टोकाने शाईचा अंश चमचाभर पाण्यात मिसळला आणि पाहिले. काळे ठिपके दह्यातल्या ठिपक्यांसारखेच थरथरत होते.

तिने फलक उतरवला, वाक्य खोडले आणि खाली लिहिले : ‘दह्याच्या निवळीतील कण हलतात. उकळल्यावरही हलतात. शाईचे कणही हलतात. का?’

बक्षीस तिला मिळाले नाही. आम्ही तीन परीक्षक होतो. ‘प्रयोग फसला आणि निष्कर्षही नाही,’ असे उरलेल्या दोघांचे मत पडले. मी थोडा वाद घातला, पुरेसा घातला नाही.

शिक्षकांना इथे एक सांगावेसे वाटते. आपल्या प्रयोगवह्यांत ‘निरीक्षण’ या मथळ्याखाली जे लिहिले जाते, त्यातले बरेचसे काचपट्टी तयार होण्यापूर्वीच लिहिलेले असते. मुले शहाणी असतात. काय दिसायला हवे ते त्यांना आधीच ठाऊक असते. पानाच्या मधोमध एक उभी रेघ मारून घ्यावी. डावीकडे दिसले तेवढेच लिहावे : ‘ठिपके थरथरतात, प्रत्येकाची दिशा वेगळी, मोठे ठिपके कमी हलतात.’ उजवीकडे त्यावरून जे वाटते ते लिहावे : ‘जिवंत असावेत.’ उजवीकडचे वाक्य खोडण्याची वेळ आली तरी डावीकडचे तसेच राहते. ‘जीवाणू हालचाल करीत आहेत’ या एका वाक्यात दोन्ही रकाने एकत्र झाले होते, आणि ती गफलत मलाही पहिल्या नजरेला जाणवली नव्हती.

या बाबतीत ब्राऊन मोठा वस्ताद होता. बीगल जहाजावर जाण्याआधी तरुण चार्ल्स डार्विन त्याला भेटे. एकदा ब्राऊनने त्याला सूक्ष्मदर्शकातून पाहायला लावले आणि काय दिसते ते वर्णन करायला सांगितले. डार्विनने वर्णन केले आणि मग हे काय आहे, असे विचारले. ते माझे छोटेसे गुपित आहे, अशा अर्थाचे उत्तर देऊन ब्राऊन मोकळा झाला! पेशीतील जीवद्रव्याचा प्रवाह आपण पाहिला असावा, असे डार्विनने आत्मचरित्रात लिहिले आहे. गुपित राखणे काही मला पसंत नाही, पण आधी वर्णन करायला लावायचे आणि नाव नंतर, ही पद्धत वर्गात जरूर आणावी.

कण का हलतात, हे ब्राऊनला सांगता आले नाही आणि त्याने तसा आवही आणला नाही. उत्तर मिळायला १९०५ साल उजाडले. पाण्याचे रेणू सतत धावत असतात आणि कणावर सर्व बाजूंनी आदळतात. कण मोठा असेल तर चारी बाजूंचे धक्के जवळजवळ सारखे होऊन एकमेकांना मारून टाकतात. कण लहान असेल तर एका क्षणी डावीकडून थोडे जास्त बसतात, पुढच्या क्षणी वरून. जास्वंदीचा परागकण स्तब्ध आणि शाईचा कण चंचल, तो यामुळे. आइन्स्टाइनने याचे गणित मांडले. फ्रान्समध्ये झां पेरँ याने दर ३० सेकंदांनी कणाची जागा चौकटीच्या कागदावर टिंबाने दाखवून ते गणित पडताळले, आणि रेणू खरोखरच असतात याविषयीची शंका फिटली. त्याला १९२६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पेरँची टिंबे तुम्हालाही काढता येतील. सूक्ष्मदर्शकाचे विवर्धन सुमारे ४०० पट असावे. खालची झडप थोडी मिटून उजेड कमी करा, म्हणजे कण उठून दिसतील. आरशावर थेट ऊन मात्र घेऊ नका. आच्छादक काचेच्या कडांना व्हॅसलीन लावा आणि पाच मिनिटे थांबा. सगळे ठिपके एकाच दिशेने वाहत असतील तर तो प्रवाह आहे. कडा नीट बंद झालेल्या नाहीत. मग एकच कण धरा आणि दर दहा सेकंदांनी आलेख कागदावर अंदाजाने टिंब द्या. नेत्रिकेवर मोबाइल धरून चित्रण केले तर काम आणखी सोपे. नुसते धक्के खाणारा कण चौपट वेळात सरासरी दुपटीनेच दूर जातो, कारण त्याचे अर्धे श्रम मागे येण्यातच जातात. पोहणारा जीवाणू वेगळा ओळखू येतो. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय सेकंदाला २० ते ३० मायक्रोमीटर पोहतो आणि काही काळ एक दिशा धरून जातो. डबक्यातल्या पाण्याचा एक थेंब पाहिलात तर हा फरक नजरेत भरेल.

राहिला तिचा मूळ प्रश्न : दह्यातले जीवाणू जिवंत आहेत की नाहीत? थरथरण्याने तो सुटत नाही, पण स्वयंपाकघरात सुटण्यासारखा आहे. मी तिला सुचवले, की उकळून कोमट केलेले दूध दोन वाट्यांत घे. एकीत नेहमीचे विरजण लाव, दुसरीत तेवढेच, पण दहा मिनिटे उकळून गार केलेले. (असल्या वाटीतले काही चाखू नये, हे सांगायला नको.)

चार दिवसांनी बाईंचा फोन आला. सकाळी पहिल्या वाटीत घट्ट दही लागले होते, दुसरीतले दूध पातळच होते. मी आनंदाने अभिनंदन करणार, तोच मुलीने फोन घेतला. “सर, मी दुसरी वाटी टाकली नाही, झाकून तशीच ठेवली. तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेही दूध आंबले. माझे उकळलेले जीवाणू परत जिवंत झाले, की दुसरे कुणी आले?”

मी तिला एवढेच विचारले, की तू तिसरी वाटी ठेवली होतीस का, ज्यात काहीच घातलेले नाही? तिने ठेवली नव्हती. तुम्ही ठेवून पहा.