कानानाकातील दागिना : मागच्या बाजूकडेही लक्ष द्या

कानातले टॉप्स किंवा नाकातली चमकी घेताना गिऱ्हाईक पुढची बाजू पाहते. खडा कसा आहे, चमक किती, वजन किती, एवढेच विचारते. घरी गेल्यावर त्रास मात्र मागच्या बाजूचा होतो. कुशीवर झोपले की फिरकी कानामागे टोचते. ओढणी किंवा नकाब काढताना धागा तिच्यात अडकतो. फोन कानाला धरला की दांडीचे टोक रुतते. मग तो दागिना डबीत पडून राहतो आणि गिऱ्हाईक दुसरे दुकान शोधते. यावरचा उपाय म्हणजे सपाट पाठीचा दागिना. तो कसा असावा आणि कसा निवडावा, हे कारागीर आणि व्यापारी बंधूंसाठी आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

रचना कशी असते

नेहमीच्या टॉप्सची दांडी पुढून मागे जाते आणि मागे फिरकी बसते. सपाट पाठीच्या दागिन्यात याच्या उलट असते. एक लहान गोल चकती आणि तिला जोडलेली दांडी मागून भोकात घालतात. फूल, खडा किंवा मणी पुढून बसवतात. मागे टोक उरत नाही, चकती कातडीला लागून सपाट राहते. फिरकीच्या खाचांत तेल, साबण आणि मळ साचतो, तोही येथे साचत नाही.

पुढचा भाग बसवण्याच्या दोन चांगल्या पद्धती आहेत. पहिलीत दांडी आतून पोकळ असून आटे तिच्या आत पाडलेले असतात. दुसरीत आटे नसतात. पुढच्या भागाची बारीक तार किंचित वाकवून पोकळ दांडीत दाबतात आणि ती ताणामुळे घट्ट बसते. दांडीच्या बाहेरून आटे पाडलेला माल स्वस्त पडतो, पण घालता-काढताना ते आटे भोकाच्या आतली कातडी खरवडतात. असा माल टाळावा.

माप घेतल्याशिवाय विकू नये

जाडीत गेजचा आकडा जितका मोठा, तितकी दांडी बारीक. २० गेज म्हणजे सुमारे ०.८ मिलिमीटर, १८ गेज म्हणजे १ मिलिमीटर आणि १६ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर. जुन्या भोकात जाड दांडी जोर लावून घालू नये.

लांबीचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. दांडी आखूड पडली तर चकती मांसात रुतते. लांब पडली तर दागिना डुलतो आणि अडकतो. प्रत्येकीच्या कानाची पाळी सारख्या जाडीची नसते. म्हणून ६, ७ आणि ८ मिलिमीटर अशा निदान तीन लांबी दुकानात ठेवाव्यात. नव्याने टोचल्यावर सूज येते, तेव्हा आधी लांब दांडी द्यावी आणि सूज उतरल्यावर आखूड दांडी बदलून द्यावी. ही बदली विसरली तर लांब दांडी हलत राहते आणि भोक तिरके होते. पाळीचे भोक भरायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. बुगडी घालतात त्या वरच्या कडक भागाला सहा महिने, कधी वर्षही लागते. कानाच्या कडेने बाल्यांची रांग घालण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. अशा गिऱ्हाइकाला हा फरक जरूर सांगावा.

चकती फार लहान असली तर तीही आत रुतते. पाळीसाठी सुमारे ४ मिलिमीटर व्यासाची चकती बरी. नाकात आतून जागा कमी, तेथे थोडी लहान चालते.

धातू कोणता

कानाला खाज, पाणी सुटणे, लाली यांचे एक मोठे कारण निकेल आहे. निकेलची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. मुलामा दिलेल्या पितळी मालात मुलाम्याखाली पुष्कळदा निकेलचा थर असतो. मुलामा झिजला की तो थर कातडीला लागतो. ३१६ एल स्टीलमध्येही १० ते १४ टक्के निकेल असते. ते घट्ट बांधलेले असल्याने कमी सुटते, तरी ज्यांना ॲलर्जी आहे त्यांना ते देऊ नये. चुंबक चिकटत नाही म्हणजे निकेल नाही, ही समजूत चुकीची आहे. हे स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. डायमिथिलग्लायॉक्झिमचे द्रावण कापसावर घेऊन दागिन्यावर घासावे. कापूस गुलाबी झाला तर निकेल सुटते आहे असे समजावे.

शरीरात बसवण्याच्या दर्जाचे टायटॅनियम सर्वांत निर्धोक. सोन्यात १४ किंवा १८ कॅरेटचे, निकेलविरहित सोने दांडीसाठी चांगले. २२ कॅरेट मऊ असल्याने आटे लवकर झिजतात. पांढऱ्या सोन्यात निकेल मिसळलेले असू शकते, तेव्हा विचारून घ्यावे. ताज्या भोकात चांदी घालू नये. ती काळी पडते आणि कातडीवर डाग राहू शकतो.

युरोपला माल पाठवणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. तेथे निकेलवर निर्बंध आहेत. टोचलेल्या भोकात जाणाऱ्या भागातून आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी निकेल सुटले पाहिजे.

कारागिराने काय पाहावे

चकतीची कड गोल घासावी. चकती आणि दांडीच्या सांध्यात डाख पूर्ण भरावा. फट राहिली तर तेथे मळ धरतो. डाख कॅडमियमविरहित वापरावा. कॅडमियमचा धूर फुप्फुसे आणि मूत्रपिंडांना घातक आहे आणि तो आधी कारागिराच्याच छातीत जातो. दांडीला पुढच्या भागाइतकेच पॉलिश द्यावे. शेवटी दागिना कापसावरून ओढून पाहावा. एक तंतूही अडकता कामा नये.

शब्द आपलाच

सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्कची सक्ती जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने आली, तेव्हा २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तू त्यातून वगळल्या गेल्या. चमक्या आणि बारीक टॉप्स बहुतेक याच वजनात बसतात. म्हणजे ज्या दागिन्याचा शरीराशी सर्वांत जवळचा संबंध, त्यावर पुष्कळदा शिक्का नसतो. गिऱ्हाइकाजवळ दुकानदाराचा शब्द तेवढा असतो. म्हणून बिलावर धातू, कॅरेट, दांडीची जाडी आणि लांबी स्पष्ट लिहून द्यावी. मुलाम्याचा माल मुलाम्याचाच म्हणून विकावा. एकाने घालून पाहिलेला दागिना दुसऱ्याला तसाच देऊ नये. एवढे सांभाळले तर दोनशे-चारशे रुपयांच्या चमकीसाठी आलेली बाई पुढे मुलीच्या लग्नाचे दागिने करायलाही त्याच दुकानात येईल.