सहा महिन्यांनी पहिल्या टीवर

अमेरिकेहून परत आलेल्या गोल्फरचा पहिला ड्राइव्ह बहुधा झकास बसतो, आणि घात तिथेच होतो. हात सैल असतात, कुणाला काही दाखवून द्यायचं नसतं. बॉल फेअरवेच्या मधोमध जाऊन पडतो, फोरबॉलमधले तिघं "वा, तिकडे जोरात प्रॅक्टिस चालू होती वाटतं!" म्हणतात आणि माणसाची खात्रीच पटते, की आपलं काही बिघडलेलं नाही. माझीही पटली होती. काय काय बिघडलंय ते पुढच्या साडेचार तासांत एकेक करून कळत गेलं. मुलाबाळांकडे उन्हाळा-पावसाळा काढून दसऱ्याच्या सुमारास पुण्या-मुंबईला परतायचं आणि बॅगा उघडायच्या आत क्लबाच्या स्पर्धेत नाव घालायचं, असं करणारे माझ्यासारखे बरेच असतात. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

आधी हँडिकॅपचं बघू, कारण सगळा भ्रम तिथूनच सुरू होतो. २०२०पासून जी वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम आली, तिच्यात तुमच्या शेवटच्या वीस स्कोअरांपैकी उत्तम आठ घेऊन त्यांची सरासरी काढतात. म्हणजे हा आकडा तुमच्या चांगल्या दिवसांचा असतो. फॉर्मात असतानाही नेहमीच्या दिवशी माणूस त्याच्या दोन-तीन फटके वरच खेळतो. आणि तुम्ही सहा महिने न्यू जर्सीत नातवाला शाळेत सोडत होता, याची त्या आकड्याला काडीचीही कल्पना नसते. कार्ड जमा झालं नाही, की तो जिथल्या तिथे. एप्रिलमध्ये माझं हँडिकॅप १८ होतं, ऑक्टोबरातही १८. एप्रिलमधला तो गृहस्थ मात्र जागेवर नव्हता.

तिकडे मी अगदीच हातावर हात धरून बसलो नव्हतो. जावई हौशी आहे, अधूनमधून रेंजवर न्यायचा. पण तिथल्या रेंजवर हिरव्या प्लास्टिकच्या मॅटवरून मारायचं असतं. मॅटवर स्टिक बॉलच्या दोन इंच आधी टेकली तरी सरकत पुढे जाते आणि बॉल बरा उडतो. चूक लपते आणि तिची सवय लागते. आपल्याकडे पावसाळा नुकताच सरलेला, जमीन ओली, रफमधलं गवत घोट्याएवढं. तिथे बॉलच्या आधी टेकलेली वेज जागच्या जागी रुतते. शिवाय तिकडे कोर्सवर जाणं झालं तरी कार्टमध्ये बसून; आपण इथे अठरा होल पायी करतो, म्हणजे आठ-नऊ किलोमीटरांची चाल, तीही चढउतारांची.

तिसऱ्या होलवर माझा दुसरा शॉट ग्रीनच्या अलीकडे चाळीसेक यार्डांवर थांबला. बॉल ओल्या गवतात अर्धा बुडालेला, मध्ये बंकर नाही, झेंडा समोर. उन्हाळ्यात या जागेवरून चार नाहीतर पाच ठरलेले. मी वेज घेतली, अर्धा स्विंग केला आणि मातीचा एक छान तुकडा बॉलच्याही पुढे जाऊन पडला. बॉल हातभर सरकला. पुढचा फटका त्याच रागात, त्यामुळे ग्रीन ओलांडून पलीकडच्या उतारावर. तिथून चिप, मग तीन पट. मी आठ सांगितले तेव्हा कार्ड लिहिणाऱ्याने पेन थांबवून "आठ?" असं विचारलं. तो भला माणूस होता, त्याला वाटलं माझी मोजण्यात गफलत होतेय.

सुट्टीत जातं ते हेच. पूर्ण स्विंग शरीरात मुरलेला असतो. त्याचा वेग एकच, तो फारसा विसरला जात नाही. पन्नास यार्डांच्या आत मात्र दर वेळी वेगळं माप लागतं, आणि माप रोजच्या सरावाशिवाय टिकत नाही. पटिंगचंही तसंच. शिवाय न्यू जर्सीकडच्या ग्रीनवर बहुधा बेंट जातीचं गवत असतं, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बर्म्युडा. बर्म्युडाला ग्रेन असतो, पाती एका दिशेला झुकलेली असतात. ज्या दिशेला बघितल्यावर ग्रीन चकाकतं तिकडे बॉल पळतो, ज्या दिशेला काळपट दिसतं तिकडे अडतो. हे आपल्याला लहानपणच्या पाढ्यांसारखं येत असतं, पण परत आल्यावर पहिले काही दिवस नजर ते वाचतच नाही. त्यात सकाळचं दव. दवात पट जड जातो आणि तासाभरात ऊन चढलं की तेच ग्रीन वेगळं वागायला लागतं. (दव हाताने किंवा टॉवेलने पुसण्याचा मोह होईल. टीवर चालतं. ग्रीनवर आपली लाइन पुसलीत तर दोन फटक्यांचा दंड.)

म्हणून परतल्यावर रेंजवर बादली घेऊन ड्रायव्हर हाणत सुटू नका. त्याने फक्त पाठ धरते. जेवढा वेळ असेल त्यातला निम्म्याहून अधिक वेळ चिपिंग ग्रीनवर घालवा, खऱ्या गवतातून, वीस-तीस-चाळीस यार्डांवरून. पटिंगमध्ये होलात घालण्याच्या नादी न लागता लांबून, पंधरा-वीस पावलांवरून, बॉल होलाजवळ नेऊन ठेवण्याचा सराव करा. स्पर्धेत माझे फटके गेले ते तीन-पटांत. आणि एवढी कृपा करा, यूट्यूबवर बघितलेला नवा स्विंग या आठवड्यात आणू नका.

नवी स्टिकही नको. आमच्या फोरबॉलमध्ये एक निवृत्त कर्नलसाहेब होते, तेही टोरांटोहून मुलाकडून नुकतेच आलेले. मुलानं हौसेनं घेऊन दिलेला कोरा हायब्रिड त्यांच्या बॅगेत होता. पाचव्या होलच्या टीवर त्यांच्या कॅडीने सहज म्हणून स्टिका मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि हळूच म्हणाला, "सर, पंधरा हायेत." नवा आत गेला होता, जुना बाहेर काढायचा राहून गेला होता. नियमाप्रमाणे चौदापेक्षा जास्त चालत नाहीत. स्टेबलफोर्डमध्ये जेवढ्या होलवर जादा स्टिक बरोबर होती त्या प्रत्येकाचे दोन गुण जातात, एका राउंडला जास्तीत जास्त चार. साहेबांचे चारही गेले, शिवाय तो हायब्रिड तिथल्या तिथे खेळातून बाद जाहीर करावा लागला. तोवर तो त्यांनी वापरलाही नव्हता! बॅग आदल्या रात्री स्वतः मोजावी. कॅडी मोजतो हे खरं, पण दंड आपल्याला बसतो.

बॅग उघडलीच आहे तर बाकीचंही बघून घ्या. चामड्याचा ग्लव्ह पावसाळाभर खिशात राहिला असेल तर पापडासारखा कडक झालेला असतो, वर हिरवट बुरशी. सरळ नवा घ्या. ग्रिप्स कोमट पाण्यात साबण घालून घासा, सुकवा. त्यावर धूळ आणि ओल बसून त्या गुळगुळीत होतात. बुटांचं तर विचारूच नका. सातव्या होलच्या चढावर माझ्या उजव्या बुटाचा तळवा टाचेकडून सुटला आणि चालताना फटक-फटक वाजायला लागला. तळव्यातलं पॉलियुरेथेन दमट हवेत आपोआप कुजतं, बूट नुसते कपाटात ठेवलेले असले तरी. वरून दिसतात नवेकोरे, पाय घातला की आतून भुगा. कॅडीने बॅगेतल्या टॉवेलची किनार फाडून तो बांधून दिला आणि मी उरलेले होल एक पाय ओढत पार पाडले. घरी बूट घालून जिना दोनदा चढ-उतर केली असती तर हे घरीच कळलं असतं.

कॅडीचाही इथे एक पेच आहे. नेहमीचा कॅडी असेल तर त्याला तुमचे आकडे पाठ असतात. माझ्या कॅडीने दीडशे यार्डांवर न विचारता सात नंबर काढून हातात दिला. "सात लागतोय, सर, नेहमीचाच." नेहमीचाच होता, पण ओल्या जमिनीवर बॉल घरंगळत नाही, कमरेत पूर्वीची फिरत नाही, आणि बॉल ग्रीनच्या अलीकडच्या बंकरमध्ये. त्याचा काय दोष? त्याला टीवरच सांगायला हवं, की बाबा रे, आज माझे आकडे धरू नकोस, प्रत्येक वेळी एक स्टिक जास्त दे. आगेवाल्यालाही सांगून ठेवा, नजर जरा जास्त ठेव. पावसानंतरच्या रफमध्ये बॉल दिसत नाही आणि २०१९च्या नियमांपासून शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात. शंका आली तर प्रोव्हिजनल मारूनच पुढे निघा. परत टीवर चालत जाणं या प्रकृतीला परवडत नाही.

झोपेचं मात्र मी जरा विस्तारानं सांगणार, कारण याकडे कुणी लक्षच देत नाही. ऑक्टोबरात न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे असते. सकाळी दहाला तुम्ही बाराव्या होलवर उभे असता, तेव्हा तुमच्या शरीराच्या घड्याळात रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. पूर्वेकडे प्रवास केल्यावर घड्याळ जुळायला जास्त वेळ लागतो; साधारण एका तासाच्या फरकाला एक दिवस, असा ठोकताळा आहे. म्हणजे आठवडा-दहा दिवस तर धराच. मला बाराव्या होलवर झोप येत नव्हती, फक्त काहीच ठरवता येत नव्हतं. चार फुटांच्या पटपुढे उभा राहून लाइन डावीकडे की उजवीकडे, हेच कळेना. वर ऑक्टोबरचं ऊन. तिकडच्या गारव्याला सरावलेलं शरीर, घामाने ग्लव्ह ओला, आणि पाण्याची बाटली कार्टच्या सवयीने घरीच राहिलेली.

याच घड्याळामुळे रात्री दोनला टक्क जाग येते आणि पहाटे पाचला गाढ झोप लागते, म्हणजे नेमकं निघायच्या वेळी. टीवर पाच मिनिटांपर्यंत उशीर झाला तर दोन फटके, त्याहून जास्त झाला तर स्पर्धेतूनच बाद. घरातल्या कुणाला तरी उठवायला सांगून ठेवा, मोबाइलच्या गजरावर विसंबू नका. ब्लडप्रेशर-शुगरच्या गोळ्यांच्या वेळाही इकडेतिकडे झालेल्या असतात. त्या आपल्या डॉक्टरांना विचारून आधी मार्गी लावा, मग गोल्फ.

एवढं सगळं करूनही खेळायचंच असेल तर स्पर्धा स्टेबलफोर्डची आहे का बघा. डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांनी ही पद्धत १९३२ साली लिव्हरपूलजवळच्या वॉलसी क्लबात रूढ केली. सुरुवातीच्या एक-दोन वाईट होलनंतर लोकांनी हात टेकू नयेत, हा हेतू. माझ्या मते सुट्टीवरून आलेल्या माणसावर त्यांचे अनंत उपकार आहेत. इथे आठ लागले काय आणि अकरा लागले काय, त्या होलचा शून्य आणि विषय संपला. १८ हँडिकॅपवाल्याला प्रत्येक होलला एक फटका मिळतो, म्हणजे पार चारच्या होलवर पाच केले तरी दोन गुण, सहा केले तरी एक. मग दुसऱ्या फटक्यात ग्रीन गाठायची घाई कशाला? तिसऱ्यात गाठा, दोन पट करा, दोन गुण खिशात. झेंडा कडेला असो, बंकरमागे असो, तुम्ही ग्रीनच्या मध्यावरच मारा. आणि गुण मिळण्याची शक्यता संपली, की बॉल उचला. पाय वाचतात, मागचे खेळाडूही दुवा देतात.

मला हे नवव्या होलनंतर सुचलं. छत्तीस गुण म्हणजे हँडिकॅपप्रमाणे खेळलात. माझे झाले एकोणीस, आणि त्यातले बरेचसे मागच्या नऊ होलांतले, झोपेत आणि बांधलेल्या बुटात.

खरा सल्ला मात्र याच्याही आधीचा आहे. परतीच्या विमानाची तारीख आणि स्पर्धेची तारीख यांच्यात दोन आठवडे नसतील तर नाव घालू नका. घातलं असेल तर ड्रॉ निघायच्या आत कळवून काढून घ्या. क्लबातले लोक नाव मागे घेणं कमीपणाचं समजतात, तसं काही नाही. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने टोकियो ऑलिम्पिकमधून माघार घेतली तेव्हा रिकाम्या झालेल्या जागेवर आपल्या पुण्याच्या उदयन मानेला खेळायला मिळालं. दिवाळीच्या हंगामात आपल्याकडच्या प्रत्येक स्पर्धेला वेटिंग लिस्ट असते, आणि तिच्यात पावसाळाभर छत्री घेऊन सराव केलेला कुणीतरी असतो. तुमचा फोन वेळेवर गेला तर जागा त्याला मिळते. ऐन सकाळी गेला तर ती कुणालाच मिळत नाही आणि तिघांना फोरबॉल मोडून खेळावं लागतं. तेव्हा फोन आदल्या आठवड्यातच करा.