उतरताना उधारी, चढताना वसुली

आम्हा आदिलाबादकरांना उन्हाची जरा घमेंडच असते. बायकोचे मामा मे महिन्यात पुण्याहून आले आणि म्हणाले, "जावईबापू, कुंटालाचा धबधबा दाखवा." मी रुबाबात "चला" म्हटलं. पोहे, मग चहा, मग परत चहा. घराबाहेर पडेपर्यंत साडेदहा वाजले.

नेरडीगोंड्याला हायवे सोडला की साधारण बारा किलोमीटरवर कडम नदी 45 मीटर खाली कोसळते. कोसळते ती पावसाळ्यात. मेमध्ये खडकावर करंगळीएवढी धार होती. पण चारशेच्या आसपास पायऱ्या उतरून खाली गेलो होतो, म्हणून फोटो काढले. चौघांत दोन बाटल्या पाणी, तेही उतरतानाच संपलं.

चढताना मामांना निम्म्या वाटेवर दरदरून घाम फुटला, पाय लटपटले. "जरा बसतो," म्हणाले आणि आडवेच झाले. वय बासष्ट, रक्तदाबाची गोळी चालू, तीही लघवी वाढवणारी. हे मला तेव्हा कळलं! मी त्यांना धरून वर न्यायला निघालो, तर शेळ्या चारणारा एक पोरगा ओरडला, "नका चढवू त्यांना!" त्यानेच कपारीची सावली दाखवली, आपल्या कॅनमधलं पाणी दिलं. ओला पंचा अंगावर टाकून, टोपीने वारा घालत तासभर बसलो, तेव्हा कुठे मामा उठले.

जंगल आहे म्हणजे सावली असणार, हा बाहेरच्यांचा हिशेब. इथला साग उन्हाळ्यात पानं गाळतो. दुपारी उरतात काठ्या आणि तापलेला दगड. त्यात दरी अशी की आधी उतार, नंतर चढ. थकवा येतो तो ऊन डोक्यावर आल्यावर, आणि तेव्हा मागे फिरणं म्हणजेच चढणं.

म्हणून उजाडताच निघा आणि दहाच्या आत वर या. माणशी दोन लिटर पाणी घ्या, त्यातलं निम्मं चढासाठी राखा. ओआरएसची पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, सपाट. पाहुण्यांना औषधं आधीच विचारा, संकोच करू नका. गोळी मात्र मनाने बंद करायला सांगू नका, ते डॉक्टरांवर सोडा. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात पाणी ओतू नका. अंग भिजवा, वारा घाला, 108 ला फोन लावा.

धबधबा बघायचा तर पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर ते नोव्हेंबर. तेव्हाही खालच्या डोहात उतरू नका. वरून शांत दिसणाऱ्या त्या पाण्याने पोहणाऱ्यांचेही जीव घेतलेत. गुडघे दुखणाऱ्यांना पोच्चेरा धबधबा बरा. आणि मेमध्येच यायची हौस असेल तर पैनगंगेपलीकडचं टिपेश्वर अभयारण्य आहे. पाणवठे आटले की वाघ उरलेल्या पाण्यावर येतो, आणि तुम्ही सकाळच्या जिप्सीत बसलेले असता.

मामा यंदा पुन्हा यायचं म्हणतात. मी ऑक्टोबरची तारीख दिली आहे. तुम्हीही येणार असाल तर आधी महिना सांगा. मे म्हणालात तर कैरीचं पन्हं मिळेल, कुंटाला नाही.