दातांतील ‘चांदी’ आणि सोने : पारद हाताळणाऱ्या वैद्यांसाठी

कृमिदंत भरून घेतलेला रुग्ण ‘दातात चांदी भरली आहे’ असे सांगतो. ही चांदी अर्धीच होय. दंतवैद्यकात जिला अमाल्गम म्हणतात, तिच्यात वजनाने सुमारे निम्मा पारद असतो. उरलेल्या भागात रौप्य, वंग, ताम्र आणि क्वचित अल्प यशद. ‘हा पारा काढून टाकू का?’ असे रुग्ण आता वैद्यालाच विचारू लागले आहेत. पारद हा आपला विषय असल्याने उत्तर जबाबदारीने दिले पाहिजे.

वाग्भटाने दाताची पोकळी गुळाने किंवा मेणाने भरून दहन करण्यास सांगितले आहे. तथापि ते दाहकर्माचे अंग होय, कायमचे पूरण नव्हे. धातुपूरणाचा व्यापक प्रसार एकोणिसाव्या शतकातला. 1840 च्या दशकात अमेरिकेतील दंतशल्यकांच्या एका संस्थेने अमाल्गम न वापरण्याची प्रतिज्ञा सभासदांकडून लिहून घेतली होती. ती टिकली नाही, कारण सोन्याच्या तुलनेत अमाल्गम स्वस्त होते आणि एकाच बैठकीत भरता येई.

गुणांची तुलना केली तर सोने सरस ठरते. उष्णतेने दाताचा एनॅमल एका अंशाला दशलक्षात सुमारे 11 भाग प्रसरण पावतो, सोन्याचे मिश्रधातू सुमारे 14, तर अमाल्गम सुमारे 25. म्हणून गरम चहा व थंड पाणी आलटून पालटून घेतल्यास अमाल्गमच्या कडेला अधिक ताण पडतो. सोने गंजत नाही. पूर्वीच्या अमाल्गममध्ये वंग व पारद यांचे एक संयुग बनत असे आणि ते तोंडात लवकर गंजे. 1960 च्या दशकापासून ताम्राचे प्रमाण वाढवल्यावर हा दोष पुष्कळ कमी झाला. यशदयुक्त मिश्रण भरताना लाळ लागली तर हायड्रोजन वायू सुटून भरण फुगते व दात ठणकतो.

सोने व अमाल्गम समोरासमोरच्या दातांत असतील तर लाळेमुळे सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहतो आणि रुग्णाला तोंडात धातूची चव किंवा झटका जाणवतो. मकरध्वजासाठी सुवर्णपत्रे पाऱ्यात घोटणाऱ्यास पारद सोन्याला किती ओढीने धरतो हे सांगायला नको. खलाजवळ बसताना आपण अंगठी काढून ठेवतो ती यासाठीच.

आता मुख्य प्रश्न. अमाल्गम ही कज्जली नव्हे. कज्जलीत पारद गंधकाशी बद्ध असतो. येथे तो रौप्य व वंगाशी जोडलेला असून चर्वणाने, दात घासण्याने, गरम पेयाने अत्यल्प बाष्प सोडतो. गिळलेला धातुरूप पारा आतड्यातून फारच थोडा शोषला जातो, परंतु श्वासावाटे गेलेल्या बाष्पाचा सुमारे 80 टक्के भाग फुप्फुसातून रक्तात जातो. म्हणून ‘आपण रसौषधी देतोच, मग याचे काय’ हे म्हणणे शास्त्राला धरून नाही. उलट, घाबरून सुस्थितीतील भरण कोरून काढणेही अयोग्य, कारण कोरतानाच बाष्प सर्वाधिक सुटते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2020 साली गर्भिणी, गर्भधारणेची इच्छा असलेल्या व स्तनदा स्त्रिया, मुले (विशेषतः सहा वर्षांखालील), मज्जासंस्थेचे व वृक्काचे रुग्ण आणि पारदाची ॲलर्जी असलेले यांच्यात शक्यतो नवे अमाल्गम भरू नये असे सुचवले. त्याच वेळी चांगले जुने भरण विनाकारण काढू नये असेही सांगितले. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2025 पासून, अपवादात्मक वैद्यकीय गरज सोडून, त्याचा वापर थांबवला. पर्यायी रेझिन व काच-आयनोमर यांनाही मर्यादा आहेत. रेझिन घट्ट होताना आकुंचते आणि कडेला फट पडू शकते.

भरण फुटले असेल व काढावेच लागणार असेल, तर रुग्णास रबरी पडदा, पाण्याची धार व जोरदार शोषणनळी वापरणाऱ्या दंतवैद्याकडे पाठवावे.

मूत्रातील पारदाची तपासणी घेऊन कोणी आल्यास दोष दाताला देण्यापूर्वी रसकल्प चालू आहेत काय, किती दिवस, कोणत्या निर्मात्याचे, हे आधी विचारावे. वृक्कविकार असलेल्या रुग्णात दातातील पारद आणि औषधातील पारद यांचा भार वेगळा मोजला जात नाही; तेथे रसकल्प टाळलेलेच बरे.

औषधशाळांच्या चालकांसाठी एक सूचना. दंतवैद्याकडील अमाल्गमचा चुरा ‘पारा सुटेल’ म्हणून स्वस्तात घेऊ नये व तापवू तर मुळीच नये. त्यात वंग व ताम्र मिसळलेले असते, आणि बंद खोलीत ते तापवणाऱ्या कामगाराच्या श्वासात पहिल्यांदा जाते ते पारदाचे बाष्पच.